रामपत्रीविना खलिया

गुलमंडी, औरंगाबाद
नोव्हेंबर १९९८

प्रिय रामकिसन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बंबात घालशील, अशी भीती आहे. घालू नकोस. चार वर्षं आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही. तू हट्टी, आणि हट्टात मी तुझा बाप. पण माझ्या लेकीचं, गौहरचं, लग्न ठरलं आहे आणि तुझ्याशिवाय ते माझ्याच्यानं निभणार नाही. सांगून टाकलं, बरं वाटलं.

चार वर्षांपूर्वी त्या दिवशी तू दोडामार्गाहून माझ्या दुकानात आलास आणि चहा येईपर्यंतही दम धरला नाहीस. सरळ पोत्यात हात घातलास, रामपत्रीची मूठ वर काढलीस आणि भर गिऱ्हाइकांत म्हणालास, "शौकत, हे कच्चं तोडलंय. बी मेलं याचं." रानजायफळाच्या बीवरची ही पत्री पिकली की तेलकट, तांबूस असते आणि कच्ची नुसती चुरचुरते, हे तू मसाल्यात जन्म घालवलेल्या माणसाला शिकवायला निघालास, याचाच राग आला. धनेश पक्ष्याच्या आधी फळ आपल्या हाती लागावं म्हणून लोक फांद्या ओरबाडतात, तुझ्या खोऱ्यात फळ धरणारी झाडं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, हे तू पोटतिडकीनं सांगत होतास आणि मी गिऱ्हाइकांची तोंडं बघत होतो. शेवटी म्हणालो, माझं दुकान बंद करून तुझी झाडं उगवणार असतील तर किल्ली घेऊन जा. तू किल्ली घेतली नाहीस, चहाही नाही. दोन्ही कप मीच प्यालो.

आपल्या आया असत्या तर दोघांचे कान उपटले असते. अठ्ठेचाळीस साली, निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या त्या दिवसांत माझी अम्मी पोटुशी होती आणि अब्बांचा पत्ता नव्हता. तुझ्या आईनं, आवडाबाईनं, तिला पाचोडला घरात घेतलं. "बाळंत होऊस्तोवर हितंच ऱ्हा. कुनी आलं तर म्होरं मी हाय," एवढंच म्हणाली म्हणे. तू पाळण्यात होतास. मी झालो तेव्हा तुला खाली काढून मला त्यात घातलं. तुझा पाळणा घेतला, म्हणून एवढा मोठा झालास तरी तू माझ्यावर डूख धरून आहेस, असं अम्मी हसून म्हणायची.

तुझी जुनी पत्रं मी टाकलेली नाहीत. वनखात्यात पगार घेऊन माणूस रोपांची बारशी करतो, असं मी थट्टेनं सगळ्यांना वाचून दाखवायचो. त्यातच तू लिहिलं होतंस की रामपत्रीचं रोप उगवलं तरी लगेच उघड्यावर लावता येत नाही. पहिली काही वर्षं त्याला मोठ्या झाडाची सावली लागते, पायाशी ओल लागते. मग ते आपलं आपण धरतं. तेव्हा मला ते लाडावलेल्या लेकरासारखं वाटलं होतं.

तर आता बातमी. रामपत्री मी बंद केली. आलेलं पोतं दलालाला परत पाठवलं. काही जुनी गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली, जाऊ देत. खरी धाकधूक होती ती लग्नाच्या नान-खलियाची. आमच्या घरचा खलिया, नानबरोबरचा तो मटणाचा रस्सा, रामपत्रीवाचून कधी झालाच नाही. अन्सार बावर्चीला बोलावून तिच्याविना एक देग करवली. त्यानं बोट चाटलं, डोळे मिटले, पुन्हा चाटलं आणि म्हणाला, "मियाँ, कुछ तो बी कम है." कमी आहेच रे. माझ्या जिभेलाही कळलं. फरक पडला नाही असं लिहून तुला खूश केलं असतं, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? लग्नात असाच खलिया होईल. पाहुण्यांनी नावं ठेवली तर ठेवोत.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. गौहरला तिकडे कोकणात, बांद्याला दिली आहे, तुझ्या रोपवाटिकेपासून हाकेच्या अंतरावर म्हण. मुलगा शाळेत शिक्षक आहे, माणसं भली दिसतात. पण पोर घाबरली आहे. आठवड्यातून एकदा नळाला पाणी येणाऱ्या गल्लीत वाढलेली ती, चार-चार महिने पाऊस थांबत नाही त्या मुलखात जाते आहे. तिथली बोली वेगळी, जेवण वेगळं, ओळखीचं कोणी नाही. परवा भांडी घासता घासता म्हणाली, "अब्बा, वहाँ रामकिसनचाचा तो हैं ना?" मी आत जाऊन रडलो. ईदनंतरच्या दुसऱ्या रविवारी निकाह आहे. त्या खलियाचं बोट चाटायला तू हवास. आणि पाठवणीच्या गाडीत तिच्याबरोबर तूच बस. तुझ्या आईनं माझ्या अम्मीला दिली ती सावली, पहिली काही वर्षं, माझ्या लेकीला दे. मग ती आपली आपण धरेल.

तुझाच,
शौकत