लिंबूटिंबू

हेन्डरसन, रविवार, २८ एप्रिल २०१९. संध्याकाळ.

नितीनला मी नाही का म्हटलं? दुपारपासून तेच डोक्यात.

अमेरिकन फुटबॉलच्या संघांची नवे खेळाडू निवडण्याची धामधूम काल संपली. दरवर्षी आमचे हे, मुलगा नितीन आणि नात ईरा त्यातला एकेक नवखा आपला म्हणून धरायचे. सप्टेंबरपर्यंत ज्याचा संघात टिकेल, तो जिंकला. हे गेल्यानंतरची ही पहिलीच खेप. नितीन म्हणाला, "आई, बाबांच्या जागी तू निवड."

"मला त्यातलं काय कळतं?" म्हणून मी उठले आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.

कळतं की. लायब्ररीतून पुस्तक आणून, अडलेला शब्द ईराला विचारत नियम वाचलेत मी. पण ह्यांची जागा...

तिथूनच विचारलं, "ज्यांना कुणीच घेत नाही, त्यांचं काय?"

"काहींना नंतर फोन येतो. सरावापुरते ठेवतात. जर्सी मिळते, मॅच नाही."

"म्हणजे लिंबूटिंबू."

नितीन हसला. किती दिवसांनी.

"व्हॉट्स दॅट, आजी?"

"सगळ्यांबरोबर खेळतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही."

"लकी," ईरा म्हणाली.

लकी कसलं? आउटसुद्धा धरत नाहीत त्याला. सगळे आउट होऊन जातात, हा आपला उभाच.

उद्या नितीनला सांगते. बाबांची जागा तशीच राहू दे. मला वेगळी घ्या, लिंबूटिंबू म्हणून. एक हेरूनही ठेवलाय, कुणीच न घेतलेला.

ह्यांनी तो कधीच घेतला नसता.