पडद्यावरची पिवळी रेघ

बिश्केक, ४ जून

ती. आपास,
लेक जिपारचा वाकून सलाम, वि. वि.

मिनीबसवाल्या कुबातच्या हाती पत्र्याचा डबा पाठवलाय. बिस्किटं नाहीत. आत तळहाताएवढा कॉम्प्युटर, बोटाएवढा रेडिओ, घडीचा अँटेना, बॅटरी आणि माझा जुना टॅबलेट आहे. कान गेल्याचं काही नाही, रेडिओ गेल्याचं वाईट वाटतं, असं तू लिहिलं होतंस. वेधशाळेत सत्तावीस वर्षं बिनतारी संदेश घेतलेल्या बाईची समजूत मी काय घालणार? या डब्यातला रेडिओ ऐकायचा नसतो, बघायचा असतो. हवेतला प्रत्येक संदेश निळ्या पडद्यावर पिवळी रेघ होऊन खाली सरकतो.

आधी अँटेना जोड, मग रेडिओ, बॅटरी शेवटी. उलट केलंस तर जळणार काही नाही, फक्त मला शिव्या घालशील.

शाळेतला पुराचा भोंगा अजून बंदच करून ठेवलाय का? वरच्या तळ्याची पातळी दर तासाला कळवणारं यंत्र थंडीत मेलं, असं जिल्ह्याच्या कचेरीचं म्हणणं. त्याच्या संदेशाची जागा पडद्यावर लाल खुणेने दाखवलीय, सहज बघ. बर्फ वितळायचे दिवस आहेत आणि तुझं घर नदीपासून शंभर पावलांवर. इकडे राहायला ये, असं या पत्रात लिहायचं नाही ठरवलं होतं. लिहिलंच.

माया आहे तशी असू दे.
तुझी जिपार


कोक-दोबो, ११ जून

चि. जिपारला आपाचे पोटभर आशीर्वाद.

बॅटरी आधी जोडली. शिव्या घातल्या.

पोरी, हवेत इतकी गर्दी असते हे मला या वयात कळतंय. कुणी गाडीचं कुलूप किल्लीने दुरून उघडलं तरी बारीक ठिपका पडतो. दोन दिवस चुलीवर दूध उतू गेलं.

लाल खुणेपाशी मात्र रेघ नव्हती, नुसता पिवळा चिखल. अख्ख्या गावात तेच. मग डबा खोगिराला बांधला आणि घोडी कब्रस्तानामागच्या टेकडीवर नेली. तिथे चिखल गायब. बरोबर बाराला एक बारीक रेघ उमटली, तीन सेकंदांची, आणि खाली पातळीचा आकडा आला: २१२. एकलाही आली. यंत्र जिवंत आहे, जिपार. गावातच काहीतरी त्याचा आवाज दाबतंय.

गावप्रमुख तोकोबायला सांगितलं. त्याने माझ्या पाटीवर लिहिलं, कचेरीचा कागद म्हणतो यंत्र मेलं. मी खाली लिहिलं, कागद तळ्यावर जाऊन आलाय का? तो पाटी घेऊनच निघून गेला. आता नवी पाटी पाठव.

सुकवलेल्या दह्याचे कुरुत पाठवतेय, एकटीने खाऊ नकोस.
आपा


बिश्केक, १६ जून

ती. आपास सलाम, वि. वि.

तुझं पत्र वाचून मी वर्कशॉपमध्ये उभ्यानेच चहा सांडला. चिखल करणारी वस्तू अशी शोध: अँटेना छातीशी धर आणि जागच्या जागी हळूहळू फीर. ज्या बाजूला पाठ केल्यावर पिवळं फिकं पडेल, त्या बाजूला चोर. माणसाचं अंग आडोसा करतं. मग दुसऱ्या गल्लीतून तसंच कर. बहुधा एखादा स्वस्तातला अडॅप्टर असेल.

सापडल्यावर भांडू नकोस. म्हणजे लगेच नको.

पाटी आणि खडू सोबत आहेत.
तुझी जिपार


कोक-दोबो, २४ जून

चि. जिपारला आशीर्वाद.

तीन दिवस गावभर गरगर फिरले. मुलं मागे फिरायची, बायकांना वाटलं म्हातारीचं डोकं फिरलंय. चोर शाळेच्या मागे निघाला: बुरुलचं अंडी उबवायचं यंत्र. थंडीपासून खेपेवर खेप चालू आहे; या खेपेला एकशे ऐंशी अंडी, आज बारावा दिवस. नवरा रशियात, हिवाळा या पिल्लांवर काढायचा.

तोकोबाय तार उपटायला निघाला, तर बुरुल सळई घेऊन उंबऱ्यावर बसली. मी मध्ये पडले. तिला विचारलं, कोंबडी खुडूक बसली की दाणे टिपायला किती वेळ उठते? तिने लिहिलं, पाव तास. मग तू मला तासातली पाच मिनिटं दे, म्हटलं. आता तासाच्या ठोक्याला मी शाळेच्या अंगणातून रुमाल हलवते, ती यंत्र बंद करते. २१९. २१९. २२०. त्या यंत्राला चांगला अडॅप्टर पाठव, बुरुलचे हात दुखायला लागलेत.

घाईत,
आपा


बिश्केक, २ जुलै

आपा,

कुबात अर्ध्या वाटेतून परत आला. पूल नाही म्हणतो. अडॅप्टर त्याच्याकडेच आहे. हे पत्र रस्तावाल्यांच्या हाती देतेय. एक ओळ लिही. एकच.

जिपार


कोक-दोबो, ४ जुलै

चि. जिपार,

आम्ही सगळे आहोत. ही तुझी एक ओळ. आता नीट सांगते.

तीस तारखेला एक वाजता २३१ आला. दोनला २६२. तोकोबाय शेजारीच होता. कचेरीला विचारून बघू, असं त्याने लिहिलं. मी पाटी घेतली नाही. त्याचा हात धरला आणि तळव्यावर दोन्ही आकडे लिहिले, एकाखाली एक. तो तडक उठला. मग घोड्यावर बसून नदीकाठच्या गवतकापणीवर गेला, आणि सगळ्या घरांना टेकडीवर घेऊन आला.

तीनला, टेकडीवर, पडद्यावरचा आकडा १४० वर पडला. तळं फुटलं होतं. थोड्याच वेळात पाणी आलं. त्याच्या गडगडाटाने लोक कान झाकून उभे होते, मला तो तळपायांना कळला. पूल गेला, गवताच्या अकरा गंजी गेल्या, तोकोबायची गाय गेली. माणूस एकही नाही. आपलं घर उभं आहे, आत गुडघाभर गाळ.

वीजही गेली. बुरुल अंडी गोधडीत घेऊन आली होती. तिने बायकांना वाटली, पोटाशी धरायला. माझ्या वाट्याला नऊ. काल दुपारी एका अंड्याने बरगडीवर टोच मारली. मी बुरुलचा हात तिथे ठेवला. ती रडली, मग पाटीवर लिहिलं, “गावात तळं सगळ्यात आधी ऐकलं ते बहिरीने.” मी तिला म्हटलं, आता तरी माझ्यावर सळई उगारू नकोस. एकसष्ट पिल्लं जगली.

आज तोकोबाय आला होता. डब्यापाशी रोज बसाल का, विचारलं. बसेन म्हटलं, पण खुर्ची गादीची हवी. खाली नदीकाठी अजून दोन गावं आहेत, त्यांच्यासाठीही डबे लागतील. तेव्हा मी काही तिकडे येत नाही. पूल झाला की तूच ये, आणि रिकाम्या हाताने येऊ नकोस.

तुझी वाट बघणारी,
आपा