बाबांची सायकल बाहेर ठेवण्याची माझी पद्धत

२ ऑक्टोबर, सकाळी ११
अखेर बाबांची सायकल माझ्या ताब्यात! अठरा वर्षं रिक्स्टताईने ती आपल्या गोठ्यात दाबून ठेवली होती. आता धाकट्याची पाळी. ताई स्वतः ट्रेलरवरून घेऊन आली, कॉफीबरोबर एकच बिस्किट खाल्लं आणि अट घातली. बाबा असते तर १२ एप्रिलला शंभर वर्षांचे झाले असते. त्या दिवशी आपण दोघांनी सायकलने त्यांच्या जुन्या बंधाऱ्यावर जायचं. तोवर गंजाचा एक डाग दिसला तर सायकल परत गोठ्यात. आणि हरवलीस तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस, असंही म्हणाली.
थट्टा असावी. ताई सहसा थट्टा करत नाही.

सकाळी ११:४०
जागेचा किरकोळ प्रश्न. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, जिना बोळासारखा. तळघरातली खोली माझ्या मत्स्यालयाने अडली आहे (मासे नाहीत, पण येतील). आन्के म्हणाली, सायकल घरात आली तर मी माहेरी. लग्नाला चौतीस वर्षं झाली, माहेरी आता कोणी नाही, तरी म्हणाली.
म्हणजे सायकल बाहेर. हरकत नाही. एकतीस वर्षं मी कालव्यावरच्या पुलांची वेळापत्रकं केली. वारा आणि पाणी माझ्या घरचेच.

५ ऑक्टोबर
निळी ताडपत्री आणली. आठ दोऱ्या, आठ गाठी. गाठी खलाशी मारतात तशा. अभिमान वाटला.

६ ऑक्टोबर
वारा. गाठ एकही सुटली नाही. ताडपत्री सायकलीसकट आडवी झाली, मग फाटून कालव्यात गेली. सध्या तिच्यावर एक हंस बसला आहे. गाठी उत्तम होत्या, हे नोंदवून ठेवतो.

१३ ऑक्टोबर
निर्णय: झाकायचं नाही, माखायचं. ग्रीसचे दोन मोठे डबे. साखळी, दांडा, आरे, घंटीसुद्धा. ओघात सीटलाही लागलं. नंतर चाचणीसाठी बसलो. आन्केने माझी पँट चिमट्याने उचलली आणि थेट कचऱ्यात टाकली. पँट नवी होती.

२१ ऑक्टोबर
आता चोर. तीन कुलपं, एक साखळी. तराजूवर पाहिलं तर कुलपं साडेसहा किलो. चोराला नुसतं बघूनच दम लागेल.

३ नोव्हेंबर
खालच्या मजल्यावरच्या फॉपमाबाई भेटल्या. म्हणाल्या, अहो सीत्से, तीन कुलपं लावून तुम्ही चोरांना आमंत्रणच धाडलंय की! त्यांची स्वतःची सायकल अकरा वर्षं कुलपाशिवाय उभी आहे, कारण ती पाहून चोरालाच कीव येते.
रात्रभर विचार केला. बाई अडाणी, पण मुद्दा बिनतोड. साऱ्या हॉलंडात चोरीला न जाणारी सायकल एकच: भंगार.

४ नोव्हेंबर
वेषांतर पूर्ण. हँडलला तपकिरी चिकटपट्टी. पुढच्या मडगार्डला सुतळी. समोर बटाट्याचं फुटकं खोकं. दोन्ही चाकांची हवा काढली. सगळ्यावर चिखलाचे दोन हात. आत बाबांची सायकल ग्रीसमध्ये सुखरूप, बाहेर दरिद्री भूत. एकच कुलूप ठेवलं, तेही गंजकं.
आन्केला खाली नेऊन दाखवलं. म्हणाली, कुठे आहे? तिच्यासमोर होती! याला म्हणतात काम.

१८ डिसेंबर
बर्फ. रस्त्यावर मीठ टाकलंय. मीठ लोखंडाचा शत्रू, म्हणून सायकल हलवायचीच नाही असं ठरवलं. ताईचा फोन. सायकल कशी आहे? ओळखू येणार नाही तुला, असं म्हणालो. ताई खूश झाली. खोटं बोललो नाही.

१० जानेवारी
खोक्यात कोणीतरी बिअरचा डबा आणि केळ्याची सालं टाकून गेलं. डोळ्यांत पाणी आलं. लोकांना पटलंय.

१४ फेब्रुवारी
आजचा दिवस सोन्याचा. हँडलला नगरपालिकेची नारिंगी चिठ्ठी: "ही सायकल वापरात दिसत नाही. दोन आठवड्यांत हलवली नाही तर उचलून नेण्यात येईल."
खुद्द सरकार फसलं! आन्के म्हणाली, अरे, मग काढ ना ती चिठ्ठी आणि हलव सायकल. मी तिला शांतपणे समजावलं की या चिठ्ठीहून भारी वेषांतर पैसे देऊनही मिळणार नाही. चिठ्ठी असलेली सायकल कोणता चोर नेईल? उलट चिठ्ठी पावसात भिजू नये म्हणून वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली.
आन्केने कपाळाला हात लावला. कौतुकाने, बहुधा.

३ मार्च, सकाळी ९
सायकल नाही.

सकाळी ९:३०
चोर असामान्य बुद्धीचा असणार. माझ्या तोडीचा.

सकाळी १०
फॉपमाबाई म्हणाल्या, चोर कसला, पहाटे पालिकेचा ट्रक आला होता. मीच बोलावला. चार महिने तो उकिरडा माझ्या खिडकीसमोर, सांगणार कुणाला? बिचाऱ्यांना कुलूप तोडायला बॅटरीही धरली मी.

४ मार्च
बेवारस सायकलींचं कोठार. छप्पर, पहारा, कोरडी जमीन. खरं तर सायकल ठेवायला इतकी चांगली जागा मी पाहिली नव्हती. मी कारकुनाला बाबांच्या सायकलीचा फोटो दाखवला: काळी, चकचकीत, चामड्याची सीट. तो म्हणाला, काका, असलं काही आलेलं नाही. मी आपली सायकल बोटाने दाखवली. त्याने फोटो बघितला, ती बघितली, मग मला बघितलं. म्हणाला, फोटो जुळत नाही. एप्रिलअखेर लिलाव.
रुमालाने पुसून दाखवायला लागलो तर पहारेकऱ्याने दंड धरून बाहेर काढलं. फ्रेमचा नंबर आणा, म्हणाले. नंबर बाबांच्या कागदांत. कागद ताईकडे.

५ मार्च
फोन केला नाही. घसा बसलाय.

९ मार्च
घसा अजून. आन्केने नंबर फिरवला आणि फोन माझ्या कानाला लावला. सगळं सांगितलं. पलीकडून फक्त गोठ्यातल्या गाई ऐकू आल्या. बाबा गेले तेव्हा वाटलं होतं तसंच वाटलं. मग म्हणाली, मूर्खा, पत्ता सांग.

१२ एप्रिल
ताई परवाच कागद दाखवून कोठारातून सायकल घेऊन गेली होती; घरी नेऊन चिखल, सुतळी, चिकटपट्टी सगळं काढलं आणि हवा भरली. आज ती दारात आली, बाबांच्या सायकलीवर. मी माझी रोजची काढतो म्हणालो. म्हणाली, मागे बस. एकसष्ट वर्षांचा मी, कॅरिअरवर, पाय लोंबकळत. एकोणसत्तरची ताई वाऱ्याविरुद्ध पेडल मारत होती. शाळेची मुलं हसली. बंधाऱ्यावर बसून सफरचंदाचा केक खाल्ला. बाबांबद्दल बोलत दोघंही रडलो आणि मग खूप हसलो.
मग तपासणी. ताईने चष्मा लावून आरा न् आरा पाहिला. गंजाचा एकही डाग नाही! ताईच म्हणाली, की माझ्या गोठ्यातही ही कधी इतकी चकचकीत नव्हती. मी छाती फुगवून विचारलं, मग आज संध्याकाळी परत माझ्याकडे?
वेडा आहेस का, म्हणाली. इतकी चांगली सायकल बाहेर कोण ठेवतं?