पद्मानं गाडी मोडीत दिली

३ नोव्हेंबर, सोमवार

पेपरात अख्खं पान जाहिरात. 'जुनी गाडी मोडीत द्या, नवीवर सरकारी सवलत मिळवा.' पद्मानं चहा घेता घेता मोठ्यानं वाचली. वाचून झाल्यावर पुन्हा वाचली. म्हणाली, "अहो, आपली देऊन टाकूया की."

डोकंच फिरलं. नोकरीची शेवटची वर्षं मी फवारणी पंपांच्या अनुदानाच्या टेबलावर काढली. अनुदान जाहीर झालं की त्याच आठवड्यात दुकानातल्या पंपाची किंमत चढायची. शेतकऱ्याला पंप पडायचा जुन्याच भावात. मधली मलई दुकानदाराला, फोटो पुढाऱ्याचा. आता पंपाच्या जागी गाडी आली, एवढंच!

आणि आमच्या गाडीला झालंय काय? डिसेंबरात पंधरा वर्षं होतील. पद्मा चाळिशीनंतर हिच्यावरच शिकली. मला आजतागायत गिअर टाकता येत नाही. जयसिंगपूरला लेकीकडं जायचं तर हीच गाडी आणि हीच ड्रायव्हर. शिवाजी पुलावरच्या गर्दीतनं अशी काढते की बाजूचे रिक्षावाले बघत राहतात. ती गाडी म्हणे भंगार. आणि परवा कचेरीच्या आवारातनं सरकारी जीप बाहेर पडली, तिच्या धुरानं फाटकावरचा शिपाई दिसेनासा झाला. ती चालते!

६ नोव्हेंबर

विश्वजित येऊन गेला. पलीकडच्या गल्लीतला पोरगा, हायवेवरच्या शोरूममध्ये गाड्या विकतो. पद्मानंच बोलावलं होतं, मला न विचारता.

"अण्णा, सरकार टॅक्समध्ये सूट देतंय, वरनं कंपनी देतीय. डबल फायदा हाय."

मी म्हटलं, "कंपनीनं द्यायलाच पाहिजे असं कुठं लिहिलंय का?"

"तसं न्हाय. ते कंपनीच्या मर्जीवर असतंय."

"आणि दिवाळीत काही मोडीत न घेता सूट देत होतासा, ती?"

"ती स्कीम संपली, अण्णा."

संपली कसली. नाव बदललं. आपल्याच करातला पैसा आपल्याला दाखवायचा आणि त्यासाठी आपल्यालाच कर्ज काढायला लावायचं. जुनी गाडी मोडायची सक्ती नाही म्हणतात. मग पंधरा वर्षांनंतर पासिंगची फी एवढी वाढवून ठेवली ती कशासाठी?

पद्मा त्याला मोडीत द्यायला काय काय कागद लागतात ते विचारत बसली. नवी गाडी कुठली, केवढ्याला, एक शब्द नाही. माणूस घ्यायचं आधी बघतो की द्यायचं?

९ नोव्हेंबर

याही रविवारी जयसिंगपूर नाही. कंटाळा आला म्हणाली. लेकीचा, ऐश्वर्याचा फोन आला, तिलाही तेच सांगितलं.

१२ नोव्हेंबर

शाहूपुरीतल्या हॉलमध्ये योजनेचा मेळावा. पद्माला घेऊन गेलो, म्हटलं ऐक जरा. रिक्षानं गेलो. पार्किंग मिळत नाही म्हणे.

स्टेजवर एक साहेब, दोन शोरूमवाले, मागं हिरवीगार झाडं छापलेला पडदा. साहेबांनी प्रदूषणावर भाषण केलं. प्रश्न विचारा म्हणाले. सगळ्यात मागं जोतीराम नावाचा एकजण उभा राहिला. कबनूरचा, कापडाचे तागे वाहायचा टेम्पो होता त्याचा. होता!

"साहेब, मी दिला की टेम्पो. मोडीच्या सेंटरात वजन करून भंगाराचा भाव दिला. सर्टिफिकेट घेऊन शोरूमला गेलतो, तर म्हणत्यात ह्या मॉडेलला कंपनीची सूट न्हाय. टॅक्सात सुटलं तेवढं विम्यात आन् फायलीच्या खर्चात गेलं. आता गाडी न्हाय, भाडं न्हाय. मी करू काय?"

साहेब म्हणाले, "आपण नंतर वैयक्तिक भेटा."

मग मला राहवलं नाही. उठून म्हटलं, वैयक्तिक कशाला, सगळ्यांसमोर सांगा. ही सवलत गाडीवाल्याला आहे की गाडी विकणाऱ्याला? कंपनीची सूट बंधनकारक का नाही? जोतीरामच्या पोटाला सवलत कुठल्या कलमात बसते? माईक काढून घेतला तरी बोललो. माझा आवाज अजून पोचतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दोघा-तिघांनी हातात हात घेतला. बाहेर एक पावणं म्हणाले, "बरं झालं कोण तरी बोललं."

पद्मा दारात उभी होती. म्हणाली, "झालं? चला आता."

एवढंच. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत जे तोंड दाबून ठेवलं ते आज उघडलं, आणि बायको म्हणते चला आता.

१४ नोव्हेंबर

जेवताना भांडण. मी म्हटलं, तुला जाहिरातीची भूल पडलीय. ती म्हणाली, "भूल न्हाय. मला ती गाडी नको झालीया." का, तर माझ्या ताटात भाकरी वाढली. जोतीरामचं ऐकलंस ना, म्हटलं. "ऐकलं. त्याचं वायटच झालं. पण माझी गाडी मला द्यायचीय." ताट तसंच ठेवून उठली.

तीच बाई, जिनं गाडी घेतली तेव्हा पहिला महिनाभर रोज पुसली होती. काय झालंय हिला?

१७ नोव्हेंबर



सकाळी गल्लीत टोइंगची गाडी. विश्वजित, बरोबर दोन माणसं, हुक लावायच्या तयारीत. मी फाटकात आडवा उभा राहिलो. म्हटलं, ही गाडी इथनं हलणार नाही. वरच्या मजल्यावरची माणसं गॅलरीत आली. परवा ज्यांनी मेळाव्यातलं माझं कौतुक केलं तेच.

पद्मा आतनं आली. अंगावर घरातली साडी, हातात किल्ली. सगळ्यांदेखत म्हणाली, "बाजूला व्हा. गाडी माझ्या नावावर हाय."

झालो बाजूला. काय करणार होतो?

तिनं विश्वजितच्या हातात किल्ली दिली. गाडी वळणावरनं जाईपर्यंत उभीसुद्धा राहिली नाही, आत निघून गेली. मी, मेळाव्यात गरजलेला सम्मेद मगदूम! घरातली एक गाडी वाचवता आली नाही. सरकारनं जाहिरात दिली आणि माझ्याच बायकोनं मला गल्लीत उघडा पाडला.

१८ नोव्हेंबर

चहा मीच करून घेतला. तिनं तिचा वेगळा केला.

१९ नोव्हेंबर

शोरूमला जाऊन विश्वजितला झाडायचं ठरवलं होतं. गेलो. काचेच्या दारातनं आत शिरताच सुरुवात केली. म्हाताऱ्या बायकांना फसवता, घरं फोडता, कमिशन किती मिळालं? गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मग त्यानं मला बाजूला नेलं.

"अण्णा, कमिशन कसलं? काकूंनी नवी गाडी बुकच केली न्हाय."

"मग सूट?"

"सूट घेतलीच न्हाय त्यांनी. मी म्हटलं, काकू, आत्ता न्हाय तर न्हाय, पुढं घ्या. तर म्हटल्या, पुढं पण न्हाय. मी म्हटलं, मग मोडीत कशाला देताय, गाडी चांगली हाय, विकून देतो, जास्त येतील. तर म्हटल्या, विकली तर घरात शंभर प्रश्न निघतील. ह्यांना जाहिरातीवर चिडू दे." आणि म्हणाला, "तुम्ही त्यांनाच विचारा की."

बसस्टॉपपर्यंत चालत आलो. राग होता, पण कुणावर धरायचा तेच कळेना.

२० नोव्हेंबर

विचारलं. गॅलरीतल्या बाकावर बसलो होतो. समोर बघत सांगितलं तिनं. दसऱ्याच्या आधी रंकाळ्याजवळ डावीकडनं मोपेडवर एक पोरगी आली. दिसलीच नाही. गाडी लागली, पोरगी पडली. खरचटलं, उठून गेली. दुसऱ्या दिवशी पद्मा एकटीच डोळ्याच्या डॉक्टरांकडं जाऊन आली. काचबिंदू. डाव्या डोळ्याला कडेचं दिसत नाही. गेलेलं परत येत नाही म्हणे, उरलेलं थेंब घालून राखायचं.

"सांगणारच होते. तवर ती जाहिरात आली. मग तुम्ही सरकारशी भांडत सुटलासा. मी मध्ये कुठं बोलू?"

योजना खोटीच आहे. त्यात मी चुकलो नाही.

मी तिच्या डावीकडं बसलो होतो. उठून उजवीकडं बसलो.