घसरणारी काळीपिवळी

आबा, मी एक गेम केलाय. कॉम्प्युटरवर खेळायचा, गाड्यांचा. त्यात वळणावर गाडी मुद्दाम घसरवायची असते, आणि जितकी जास्त घसरेल तितके गुण जास्त. हे वाचून तुम्ही कपाळावर हात मारला असणार, मला इथे बसून दिसतंय. वीस वर्षं आष्टी ते परतूर वडापची काळीपिवळी जीप चालवली तुम्ही, आणि ज्याची गाडी घसरते तो ड्रायव्हर कच्चा, हे तुमचं एकमेव शास्त्र. सातवीत असताना मी अंगणात सायकलचा ब्रेक करकचून दाबून मागचं चाक गरकन फिरवलं होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि तुम्ही एक ठेवून दिली. "टायर काय झाडाला लागतेत का रे?" गालावरची बोटं संध्याकाळपर्यंत उतरली नव्हती. त्याच तुमच्या पोराने पुण्यातली चांगली नोकरी सोडली, गावी येऊन माळवदावरच्या खोलीत लॅपटॉप मांडला आणि दीड वर्ष टायर झिजवायचा धंदा केला. कुठली कंपनी नाही, साहेब नाही. मीच मालक आणि मीच गडी.

आईने दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर गेम लोकांसमोर आला तर ठीक, नाहीतर गपचूप पुण्याला जायचं आणि नोकरी धरायची. गणपती उठले तरी माझी गाडी काही धड घसरेना. एकतर बैलगाडीसारखी सरळ निघून जायची, नाहीतर भोवऱ्यासारखी गरगर फिरून लिंबाच्या झाडावर आदळायची. आकडे बदलून बदलून मी रडकुंडीला आलो. परत पुण्याच्या त्या काचेच्या हापिसात जाऊन बसायचं या विचाराने जेवण जात नव्हतं. तुम्ही असता तर ओरडला असता, पण गाडीचं काय चुकतंय ते एका मिनिटात सांगितलंही असतं. त्या दिवसांत तुमची फार आठवण आली आबा, आणि ती काही फक्त कामापुरती नव्हती.

मग एका दुपारी आई शेंगा फोडत शेजारी बसली होती. म्हटलं, बघ खेळून. तिने पदराला हात पुसले, बटणं समजून घेतली आणि गाडी सोडली. शर्यत सुरू, बाकीच्या गाड्या धूळ उडवत पुढे. रस्त्याच्या कडेला मी प्रेक्षक उभे केलेत, ते दोन्ही हात वर करून ओरडत असतात. आईने पहिल्याच घोळक्यापाशी गाडी बाजूला घेऊन उभी केली. मी म्हटलं, "आई, थांबतेस काय, शर्यत आहे!" तर माझ्यावरच डोळे वटारले. "ती बाई कवाची हात करून राह्यली, दिसत न्हाई का तुला? तुझे आबा कधी हात केलेल्या माणसाला सोडून गेल्ते का?" मी समजावलं की ते नुसते ओरडून जोर देतायत, त्यांना कुठे जायचं नाही. "मंग रस्त्याला कशाला आले? घरी बसायचं." पुढच्या घोळक्यालाही थांबली. दार उघडायचं बटण कोणतं, म्हणून विचारत होती.

मी पोट धरून हसलो. मग तिची समजूत काढायला म्हणून दोन दिवस बसून दार उघडायची सोय केली. हात करणारी माणसं गाडीत बसू लागली. गाडीही बदलून तुमच्यासारखी काळीपिवळी केली. मागे सात, मधे पाच, ड्रायव्हरच्या बाजूला तीन, म्हणजे तुमच्या हिशोबाने गाडी अजून रिकामीच. प्रत्येकाला वजन दिलं. आणि त्या भरलेल्या गाडीने पहिल्या वळणावर मागचा भाग असा संथ, जड बाहेर टाकला की मी खुर्चीतून उठलोच. हीच ती! ब्रेकला पाय न लावता, ढुंगण जिकडे चाललंय तिकडेच स्टेअरिंग देऊन हळूच सावरायची. दिवाळीच्या आधी गेम बाहेर पडला. कुठकुठल्या देशांतली माणसं आता माझ्या काळीपिवळीत बायाबापड्या, गाठोडी आणि एक बोकड भरून वळणं घेतात. मागचे प्रवासी "हळू रे बाबा!" ओरडतात, तो आवाज आईचा आहे. पुण्याचं नाव आता घरात निघत नाही.

पण "हीच ती" हे मला कसं कळलं, ते आईलाही सांगितलेलं नाही. मी अकरावीत असताना तुम्ही मोंढ्यावर विकायला न्यायची म्हणून सोयाबीनची पोती गाडीत भरून ठेवली आणि अंघोळीला गेलात. मी किल्ली घेतली, मागच्या ओल्या काळ्या रानात गाडी घातली आणि दोन वेळा मनसोक्त घसरवली. तिसऱ्या वेळी डावं दार बांधावरच्या बाभळीला घासून चेपलं. चिखल पुसून, गाडी जागेवर लावून मी अभ्यासाला बसलो. पोचा बघून तुम्ही ठरवलं की हे शेजारच्या काकांच्या म्हशीचं काम. एका ओट्यावर बसून तंबाखू मळणारे तुम्ही दोघे, शेवटची चार वर्षं एकमेकांशी बोलला नाहीत. तुम्हाला खांदा द्यायला ते सगळ्यांत आधी आले होते, आबा. म्हैस त्या दिवशी दावणीलाच होती.

परवा काकांना सांगायला गेलो होतो. त्यांनी चहा पाजला, गेम मागितला, गाडी घसरली तसे खूश होऊन म्हणाले, "बिलकुल तुझ्या बापाची गाडी!" मी चहा संपवून घरी आलो. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि काकांच्या दारात टाकायची छाती नाही. गेममध्ये मात्र शेवटच्या वळणावर मी एक म्हैस उभी केली आहे. कितीही वेगाने जा, कशीही घसरवा, गाडी तिला लागतच नाही. खेळणारे ही माझी चूक समजून कळवत राहतात. मी दरवेळी दुरुस्त करतो म्हणतो आणि करत नाही.