डावीकडची म्हणे खरी

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. रोज लिहिणे. कितीही काम असो.
हिचा पन्नासावा वाढदिवस तेवीसला, रविवारी. काय हवं विचारलं. म्हणाली, काही नको, फक्त धाकट्याला घरी बोलवा.
धाकटा म्हणजे हिचा भाऊ, माझा मेहुणा. सुतार. चार वर्षांपूर्वी आम्ही या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा स्वतःच्या हातानं पुस्तकांचं कपाट करून घेऊन आला. मी त्यावर पातळी मोजायची लेव्हल ठेवून पाहिली. बुडबुडा मधोमध नव्हता. विमा कंपनीच्या क्लेम विभागात सव्वीस वर्षं काढलेला माणूस दुसरं काय करणार? एक पानी तपासणी अहवाल लिहून त्याच्या हातात दिला. तारीख, सही, दोष: डावीकडे कलते. तो चहासुद्धा न घेता गेला. तेव्हापासून हिला फोन करतो, पण मी ऑफिसात असताना. माझं नेमकं काय चुकलं हे मला अजून कोणी लेखी कळवलेलं नाही.
असो. बायका काही नको म्हणतात तेव्हा त्यांना काहीतरी भारी हवं असतं. दातांच्या डॉक्टरकडे मासिकात पाहिल्या होत्या त्याच घेणार. अँटिक चिनी खुर्च्या. जोडी.

५ नोव्हेंबर, बुधवार
काल लिहिलं नाही. काल लिहिण्यासारखं काही घडलं नाही.
लायब्ररीतून चिनी फर्निचरचं जाडजूड पुस्तक आणलं. सगळी चित्रं पाहून झाली. या विषयात आता मला फसवणारा जन्माला यायचाय. मुद्दे: अस्सल खुर्चीत एकही खिळा नसतो, लाकडात लाकूड अडकवलेलं. पाठ आणि हात मिळून एकच गोल पट्टी, घोड्याच्या नालासारखी. समोर खाली पाय टेकायला आडवी पट्टी, शंभर वर्षांच्या पायांनी झिजलेली. बसणाऱ्याला ताठच बसावं लागतं.
कन्येला चित्रं दाखवली. म्हणाली, बाबा, मग तुम्ही कुठे बसणार? कॉलेजात गेल्यापासून तिला शिंगं फुटली आहेत.
संकल्प: आजपासून ताठ बसणे. सराव स्वयंपाकघरातल्या स्टुलावर.

६ नोव्हेंबर, गुरुवार
पाठीत उसण. स्टूलच सदोष असणार.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी
दोन दुकानं पालथी घातली. पहिल्यात खुर्चीच्या पाठीत खिळा सापडला. मालक म्हणाला, तो किमतीची चिठ्ठी अडकवायला आहे. मी नुसता हसलो आणि निघालो. दुसऱ्यात खुर्च्या चिनी होत्या, पण प्लास्टिकच्या.
हिनं भावाला फोन केला. तो म्हणाला, बघतो. त्यानंतर ही घडी घातलेल्या चादरी मोडून परत घड्या घालत बसली. मला वाईट वाटलं. म्हणून मोठेपणा घेऊन मीच त्याला मेसेज पाठवला: तेवीसला येणार असल्यास कळवावे, बसण्याच्या व्यवस्थेसाठी आवश्यक. यापेक्षा गोड भाषा मला येत नाही.
वाचल्याची खूण आली. उत्तर नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
मधले दिवस ऑफिसात फार गडबड होती. शिवाय पेन सापडत नव्हतं.
पण आज! मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, जुन्या वस्तूंचं दुकान. मालकीणबाई म्हाताऱ्या, एक चष्मा नाकावर, एक डोक्यावर, शब्दकोडं सोडवत बसलेल्या. खिडकीखाली दोन चिनी खुर्च्या शेजारीशेजारी. थेट पुस्तकातल्या. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. बाईंनी मान वर न करताच सांगितलं की डावीकडची खरी जुनी आहे, शंभर वर्षं तरी झाली असतील. तिची जोडीदार मोडली, म्हणून उजवीकडची त्यांनी गेल्या वर्षी इथल्याच एका सुताराकडून बनवून घेतली. हवी तर दोन्ही न्या.
इतका खरेपणा? कोणी विचारलं होतं? सव्वीस वर्षांत माझ्या टेबलासमोर बसून न विचारता खरं सांगणारा एकही माणूस मला भेटलेला नाही. इथेच पाणी मुरतंय.
विचार करून येतो म्हणालो.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी २
विजय!
टॉर्च आणि भिंग घेऊन गेलो. चाळीस मिनिटं तपासणी. डावीकडची: पायपट्टी पार झिजलेली, हाताला ठिगळ, एका पायावर डाग, वेताच्या बैठकीला झोळ. सगळं कसं नको तितकं जुनं. खोट्या क्लेमचं असंच असतं, पुराव्यांची फाइल जाडजूड. ज्याचं घर खरोखर जळतं त्याच्याकडे धड एक कागद नसतो.
उजवीकडची शांत. कुठे दिखावा नाही. गोल पाठीवरून बोट फिरवलं, सांधा कुठे संपतो ते कळेना. पायपट्टी फारशी झिजलेली नाही, कारण खानदानी माणसं वस्तू जपून वापरतात. मला अगदी आतून भरून आलं. मोठ्यानं म्हणालो, असा हात आता कुणाला नाही, असे कारागीर गेले.
मालकीणबाईंनी दोन चष्म्यांच्या मधून पाहिलं. म्हणाल्या, अहो ती नवी आहे. मी हसलो. म्हणाल्या, मग निम्म्या किमतीत न्या. म्हणजे किंमत पाडून मनात शंका पेरायची आणि मला डावीकडे वळवायचं! मी जुन्या खुर्चीची पूर्ण किंमत टेबलावर ठेवली. त्यांनी तीनदा समजावलं. मी तीनदा नकार दिला. शेवटी म्हणाल्या, कारागिराला सांगते, खूश होईल. आणि पावती फाडली: माझं नाव, पत्ता, 'नवी खुर्ची, एक. गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून पूर्ण किंमत.'
शेवटपर्यंत नाटक सोडलं नाही. मानलं बाईंना.
जोडीचा बेत रद्द. नकली खुर्ची फुकट दिली तरी मी घरात घेणार नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार
खुर्ची आली. हॉलमध्ये ठेवली. किंचित डुगडुगते. जुन्या वस्तूंना स्वभाव असतो. एका पायाखाली पुठ्ठा घातला, तरी डुगडुगते.
भेट सहा दिवस आधी आली तरी ही हसली. बसून पाहिलं, छान आहे म्हणाली, आणि धाकट्याचा काही फोन आला का, असं विचारलं. किंमत विचारली नाही. त्याचंच दडपण जास्त येतं.
मी स्वतः अकरा मिनिटं ताठ बसलो. बातम्या मात्र सोफ्यावरून पाहिल्या. तिथून खुर्ची चांगली दिसते.

१९ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी ७
मेहुण्याचा फोन. मी घरात असताना! रविवारी येतो म्हणाला. फोन ठेवल्यावर ही स्वयंपाकघरात गाणं गुणगुणत होती. ही गुणगुणते हे मी विसरूनच गेलो होतो.
माझ्या मेसेजचा परिणाम. शब्द जपून वापरले की माणूस वितळतो.
आता त्याला न दुखावता खुर्चीवरून खरं काम म्हणजे काय ते समजावणे. छोटं भाषण लिहून काढलं. सहा मुद्दे.

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी
त्याचं कपाट मागच्या गॅलरीत आहे. आम्ही त्यात रंगाचे डबे आणि कांदे ठेवतो. त्याला वाईट वाटू नये म्हणून वर चादर टाकली. मी इतका विचार करतो, पण सांगायचं कुणाला?

त्याच दिवशी, संध्याकाळी
क्रमानं लिहितो.
मेहुणा आला. कानाजवळ केस पिकलेत. दारातच त्याची नजर खुर्चीवर गेली आणि तो थांबला. मी लगेच सुरुवात केली. मुद्दा पहिला, ही गोल पाठ बघ, सांधा शोधून दाखव. मुद्दा दुसरा, इतकी साधी, तरी नजर हटत नाही. मुद्दा तिसरा, असा हात आता कुणाला नाही. चौथ्या मुद्द्यापर्यंत त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं, लागलं बिचाऱ्याला.
मग तो हळूच म्हणाला, भाऊजी, मालकीणबाईंनी मला सगळं सांगितलंय. एका गृहस्थांनी म्हणे जुनी खुर्ची बाजूला सारून त्यानं, म्हणजे मेहुण्यानं, बनवलेली घेतली आणि किंमत जुनीची दिली, ऐकेचनात. त्यानं पावतीवरचं नाव पाहिलं. दोन दिवस विश्वास बसेना. म्हणाला, नुसतं चुकलं म्हणाला असतात तरी चाललं असतं हो, एवढं करायची काय गरज होती?
हिचे डोळे भरून आले. चोवीस वर्षांच्या संसारात हिनं माझ्याकडे असं कधी पाहिल्याचं आठवत नाही. कन्याही पाहत होती, पण वेगळ्या नजरेनं. चिनी पुस्तकातल्या माझ्या खुणा तिनं पाहिल्यात.
भाषणाचे दोन मुद्दे शिल्लक होते. कागद खिशात घातला आणि म्हणालो, हात ओळखला मी तुझा.
मग तो खुर्चीत बसला. डुगडुगली. त्यानं माझी लेव्हल मागितली आणि खुर्चीवर न ठेवता फरशीवर ठेवली. बुडबुडा बाजूला पळाला. तीन ठिकाणी ठेवली, तीनही ठिकाणी तेच. आमचा अख्खा हॉल वरखाली आहे आणि डावीकडे उतरता.
त्यानं पाकिटातून चार घड्यांचा एक कागद काढला. कडा तपकिरी झालेल्या. वरच्या घडीवर माझी सही. चार वर्षं जवळ बाळगला होता. माझा पुठ्ठा काढून टाकला आणि तो कागद खुर्चीच्या पायाखाली सारला. परत बसला. खुर्ची हलली नाही.
कपाट आम्ही दोघांनी उचलून हॉलमध्ये आणलं. कांद्यांचा वास जाईल म्हणाला. हिला भेट म्हणून दुसरी खुर्ची तो स्वतः करून देणार आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.३०
हिला खरं सांगायचं ठरवून उठलो. तर तीच चहा घेऊन आली. म्हणाली, तुम्हाला तुमची चूक कधी कळणारच नाही असं मला वाटायचं. मी हं म्हणालो आणि चहा प्यायलो.
चिनी पुस्तक टेबलावर नाही. कन्येनं कुणाला न सांगता तिच्या कॉलेजच्या सॅकमध्ये भरलेलं दिसलं, जाताजाता लायब्ररीत परत करणार असणार. विचारलं तर म्हणाली, कुठलं पुस्तक? पोरगी मोठी झाली.
निदान इथे तरी खरं लिहितो. मला ती खुर्ची शंभर वर्षांची वाटली होती.
सव्वीस वर्षं लोकांचे खोटे क्लेम पकडले. काल एक मी स्वतः केला, आणि तो कुणीही कागदपत्रं न मागता मंजूर झाला. ही वही मात्र आता कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर, पुस्तकांच्या मागे.