सादळलेल्या रॉडचे जोड

प्रिय बाबा,

नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते, एवढं आईला वाचून दाखवा. पुढचं फक्त तुमच्यासाठी.

इथे वाफेच्या पाइपांचं वेल्डिंग करते आहे. तुम्ही शिकवलंत तसंच. रॉड जवळ धरते, प्रत्येक थरावरची स्लॅगची खपली ठोकून काढते, ब्रशने जागा लख्ख करते, मगच पुढचा थर देते. पण रॉड सुकवायची भट्टी बंद पडली आहे. दमट हवेत रॉड बिस्किटासारखे सादळतात आणि जोडात बारीक छिद्रं राहतात. असा जोड वाफेच्या दाबाने फुटतो, हे तुम्हीच सांगायचात. हात कितीही चांगला असला तरी काय उपयोग?

एक्स-रेत माझे जोड नापास झाले. कापून पुन्हा भरले, पुन्हा छिद्रं. फोरमनला म्हटलं, "आधी भट्टी दुरुस्त करा."

तो म्हणाला, "होईल तेव्हा होईल. तू हात चालव."

उरलेले जोड त्याने तपासणीला न पाठवताच रंगवून टाकले. मोठ्या साहेबांकडे गेले, तर त्यांनी मला परत फोरमनकडेच धाडलं.

तुमचा खोकला कसा आहे? "सोडून ये" म्हणाल, पण करार संपेपर्यंत सुटका नाही.

उद्या पाइपांत वाफ सोडणार. आम्ही बायका त्यांच्याखालीच जेवतो. दुसरीकडे बसू या म्हटलं, तर सगळ्या हसल्या. सावली तेवढीच आहे. एकटी लांब बसले, तर घास उतरायचा नाही. म्हणून त्यांच्यातच बसेन.

आईला सांभाळा.

तुमची,
धाकटी